एका उकारासाठी कोल्हापूर

मी कोल्हापूरला भांडायला गेले होते. भांडण होतं एका सव्वीस वर्षांच्या मुलीशी. मुलगी गणितात हुशार, आणि ते तिला स्वतःला जरा जास्तच ठाऊक. कडक इस्त्रीची सुती साडी, अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात त्या काळच्या संगणकाला भरवायची भोकं पाडलेली कार्डं. चालायची अशी, की विद्यापीठाची इमारत तिच्या वडिलांनी बांधलेली असावी. वडील पोस्टात होते. ही मुलगी म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीची मी.

भांडणाचं मूळ एक थेंब. डिझेलचा, पण आत पाणी असलेला. लगेच भुवया उंचावू नका, ही भेसळ नव्हे. डिझेलमध्ये मोजून पाणी घालायचं, साबणासारखं काहीतरी टाकून घुसळायचं, की पाण्याचे अतिबारीक कण तेलात अडकून बसतात आणि सगळं दुधासारखं पांढरं दिसतं. अशा इंधनाचा थेंब तापवला की मजा होते. पाण्याला लवकर उकळायचं असतं, तेलाला खूप उशिरा. आतलं पाणी तापतं, आणखी तापतं, उकळायच्या पलीकडे जातं, पण भोवती तेलाचं वेष्टण, जाणार कुठे? मग एका क्षणी त्याची एकदम वाफ होते आणि थेंब आतून फाटतो. त्याच्या चिंध्या जितक्या बारीक, तितकं जळण स्वच्छ आणि धूर कमी. हा थेंब नेमका कधी फाटेल, हे थेंबाला हात न लावता, नुसतं संगणकात गणित मांडून सांगायचं, हा माझा उद्योग. शेजारच्या बायका दुपारी भजनाला जातात, मी थेंब फोडते.

तर त्या काळ्या चष्म्याच्या मुलीनं पीएचडीसाठी हेच गणित घेतलं होतं. तिनं तेलाचा एक गोल घेतला आणि त्याच्या बरोब्बर मध्यभागी पाण्याचा छोटा गोल ठेवला. असं केलं की समीकरणं फार गुणी वागतात. पण तिचा थेंब खऱ्या थेंबापेक्षा उशिरा फुटायचा. तिचे सर म्हणाले, "पाणी कधी असं मधोमध बसतं का? जरा सरकवून बघ." पाणी सरकवलं की गणिताचा पसारा दसपट. मुलगी म्हणाली, "माझ्या थेंबात बसतं!" आणि पीएचडी सोडल्याचं पत्र लिहिलं. पत्र इतकं झोकात लिहिलं, की मधे दोनदा उठून आरशात बघितलं. घरी सांगितलं, संसारासाठी सोडलं. पुढे चाळीस वर्षं मी हा त्याग मिरवत होते. सुनेला तर दर दिवाळीला ऐकवत होते.

निवृत्तीनंतर नातीनं तिचा जुना लॅपटॉप मला दिला आणि मी पहिलं काम काय केलं असेल, तर पाणी सरकवलं. तळणीचा मोदक आठवा. सारण एका अंगाला गेलं, की तिथली पारी पातळ राहते, उष्णता तिथून आधी आत शिरते आणि मोदक कढईत तिथूनच तोंड उघडतो. थेंबाचंही तेच. लॅपटॉप सांगू लागला, की बाई, तुमचा थेंब आता लवकर फुटतोय. सर बरोबर होते, मुलगी चूक.

पण हे खऱ्या थेंबांशी ताडून बघायला हवं. तसे थेंब कोल्हापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात चौगुले सर तापवत होते. त्यांनी प्रयोगशाळेतल्या हस्तलिखित नोंदवहीचे फोटो पाठवले. मी त्यातून स्वच्छ तक्ता करून त्यांना परत पाठवला, शेजारी माझे आकडे मांडले, आणि माझी बोबडी वळली. खरे थेंब माझ्या नव्या गणितापेक्षा उशिरा फुटत होते. गंमत म्हणून पाणी पुन्हा मधोमध ठेवून पाहिलं, तर आकडे असे चपखल बसले, की जणू कोणी शिवून दिलेत.

म्हणजे ती पोरगी जिंकत होती!

चौगुले सरांचा फोन आला. शुक्रवारी कॉलेजात छोटा परिसंवाद होता, माझं नाव छापून झालेलं. म्हणाले, "मॅडम, सोमवारीच या. थेंब स्वतः बघा, मग ठरवू."

सोमवार. व्याह्यांचं घर

माझ्या लेकीचं सासर कोल्हापूरचं, त्यामुळे उतरायची चिंता नव्हती. विहीणबाई पद्मावतीबाई. जैन घर, कुरुंदवाडकडे शेती, शहरात दुमजली घर. मी दाराशी उभी राहून हाक मारली, तर आतून आवाज आला, "आलो, आलो!" मी पदर सावरून व्याह्यांसाठी अदबीचा चेहरा केला. बाहेर आल्या विहीणबाई. इथल्या बायका सर्रास 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' म्हणतात, हे मी दर वेळी विसरते आणि दर वेळी पदर सावरते.

"विहीणबाई, एवढ्या लांबनं थेंब बघाय आलासा?" त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "आमच्या नळाला पण येतंय की."

दुसरं मी विसरते ते जेवणाचं. आम्ही नाशिकला नऊ वाजता 'आज काय करायचं' यावर चर्चा सुरू करतो. इथे दिवस मावळायच्या आत जेवण, आणि मावळल्यावर अन्नाचं नाव नाही. साडेपाचला माझ्यापुढे ताट: ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, घट्ट दही आणि हिरवा खर्डा. आमच्याकडे त्याला ठेचा म्हणतात आणि तो चवीला लावतात; इथे त्याची भाजीसारखी वाटी भरतात.

"तिखट आहे का हो?"

"न्हाय वो, बेतानंच केलोय."

पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. तेलाच्या वेष्टणात कोंडलेल्या पाण्याचं मी एवढं गणित मांडत होते, त्याला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. विहीणबाईंनी निमूटपणे दह्याचं वाडगं माझ्याकडे सरकवलं. चेहऱ्यावर मात्र जिंकल्याचं हसू होतं.

मंगळवार. मी भेसळ करते

रिक्षावाले म्हणाले, "कुठं सोडू, पावणं?"

कॉलेजाचं नाव ऐन वेळी माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हटलं, "ते इंजिनिअरिंगचं कॉलेज हो, शिरोलीच्या रस्त्यावरचं. तिथे डिझेलमध्ये पाणी घालतात बघा."

रिक्षा थांबली. गृहस्थ पूर्ण वळून बसले. "कॉलेजात पाणी घालत्यात? आणि तुमी काय, धाड टाकाय निघालासा व्हय?"

"नाही हो. मीसुद्धा तेच करते."

"ह्या वयात?"

मी समजावून सांगायला गेले, पण जितकं सांगावं तितका माणूस गंभीर होत गेला. कॉलेजाच्या दाराशी सोडताना आवाज खाली आणून म्हणाला, "आज्जी, माझ्याकडनं ही गोष्ट भाईर जायची न्हाय. काळजी करू नगा."

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. टेबलावर शाळेतल्या डब्याएवढी विजेची भट्टी, भट्टीला काचेची खिडकी, खिडकीसमोर क्षणाचे तुकडे टिपणारा कॅमेरा. केसाहून बारीक तारेला थेंब टांगायचा आणि भट्टी त्याच्यावर सरकवायची, असा सगळा बेत. त्या दिवशी सगळं बंद होतं. थेंब टांगणाऱ्या सुनंदाबाई पुतणीच्या पोराच्या जावळाला गेल्या होत्या.

चौगुले सर पन्नाशीचे, शांत गृहस्थ. कॉलेजाची कसलीशी तपासणी जवळ आलेली, टेबलावर फायलींचा डोंगर. डोंगराआडून ते म्हणाले, "मॅडम, तुमचा थेंब फार घाईत आहे."

"दिसतंय मला."

"राग मानू नका. पाणी मधोमध ठेवलं की सगळं जमतंय, तुम्हीच तसा तक्ता पाठवलाय. मग तेच ठेवू या की. सोपं आहे, सुटसुटीत आहे. शुक्रवारी तेच मांडा."

मी बंद भट्टीकडे बघितलं. त्यांना वाटलं मी दुखावले, म्हणून आणखी हळू म्हणाले, "आणि मनाला पटत नसेल तर शुक्रवारचं नाव काढून घेऊ. त्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नाही? एकदा झोकात पत्र लिहून मी याच थेंबापासून पळाले होते. आता सत्तरीत पुन्हा पळायचं, किंवा मग त्या चष्मेवालीपुढे हात जोडून म्हणायचं, बाई गं, तूच खरी, तुझे सर मूर्ख. दोन्ही मला जमणारं नव्हतं. मी म्हटलं, "गुरुवारपर्यंत थांबा. थेंब डोळ्यांनी बघते, मग सांगते."

घरी आले तर विहीणबाईंनी चेहरा ओळखला. "चला, दूध पिऊन येऊ. ऊन हाय तंवर."

हे दूध प्रकरण मी अन्यत्र कुठे पाहिलेलं नाही. भर शहरात, चौकातल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या. तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच कोमट हातात देतात. तालमीतली पोरं, बँकेतले साहेब, शाळेतून आलेल्या मास्तरीणबाई, सगळे एका रांगेत. पांढरी मिशी पुसत मी विहीणबाईंना म्हटलं, "आमचं इंधन दिसतं अगदी असंच. फक्त उलटं. दुधात कसे पाण्यामध्ये लोण्याचे कण असतात..."

"ओ पावणं!" धार काढणारा गृहस्थ ताडकन उठला. "पाणी? म्हस तुमच्या म्होरं, मी तुमच्या म्होरं, कासंडी तुमच्या म्होरं. पाणी कुठनं आलं?"

आजूबाजूचे दहा पेले हवेत थांबले. विहीणबाई मधे पडल्या. "आण्णा, मनावर घेऊ नगा. नाशिकच्या हायत. गणिताच्या बाई."

"मग असंल," म्हणून तो बसला. नाशिकमुळे सुटले की गणितामुळे, ते अजून कळलेलं नाही. पण रागाच्या भरात त्यानं मला दुसरा पेला भरून दिला आणि समोर उभं राहून तो संपवायला लावला. रात्री न जेवण्याचं दुःख त्या दिवशी नव्हतं.

बुधवार. सुनंदाबाई

सुनंदाबाई हातकणंगल्याहून रोज सकाळच्या गाडीनं येतात. पन्नाशीच्या आसपास, ठेंगण्या, आवाज असा की भट्टीला बटण नसतं तरी चालली असती. आल्या आल्या मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुमीच व्हय त्या नाशिकच्या बाई? माझ्या वहीचं फोटू मागवलेल्या?"

"हो. तुमचं अक्षर..." मी शब्द शोधू लागले.

"वाईट हाय. म्हायती हाय मला. थेंब टांगू का?"

त्यांनी सुईच्या टोकावर पांढुरका थेंब घेतला. तारेवर असा अलगद ठेवला, की नवरीच्या कपाळाला कुंकू लावावं. हात जराही हलला नाही. भट्टी सरकली. तो सगळा प्रकार डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात उरकला, मला फक्त एक ठिणगी दिसली. मग त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र पडद्यावर लावलं, गोगलगायीच्या गतीनं, आणि कुस्तीचं समालोचन करावं तशा बोलू लागल्या.

"आता तापतोय... फुगतोय... थरथरतोय बघा. आता बघा हं, आता... थुंकला!"

थेंबाच्या अंगातून एक बारीक पिचकारी सुटली. थेंब डगमगला, पुन्हा गोल झाला.

"आता गप बसंल जरा. त्येला वाटतंय झालं. पण आत पाणी हाय की अजून. बघा, बघा, फुगतोय... आणि हा उडाला!"

पडद्यावर थेंब उरलाच नाही, नुसता धुरळा. सुनंदाबाईंनी वही ओढली आणि दोन वेळा लिहिल्या. पहिल्या वेळेपुढे एक अक्षर, दुसऱ्यापुढे एक अक्षर. दुसरं होतं 'उ'. पहिलं मी ओळखलं. वहीभर होतं ते. फोटोंत शेकड्यानं पाहिलेलं.

"सुनंदाबाई," मी जपून विचारलं, "हे तुम्ही 'थं' लिहिलंत ना? भट्टी थंड होती म्हणून?"

"थंड?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "हात घालून बघतासा?"

"नाही, म्हणजे सुरुवातीच्या पानावर तुम्ही 'भट्टी थंड' असं लिहिलंय, दोन ठिकाणी. म्हणून मला वाटलं, पुढे नुसतं 'थं' म्हणजे..."

"ते पहिल्या दिवशी, लाइट गेल्यावर. हे 'थुं' हाय. थुंकला. आणि 'उ' म्हंजे उडाला. रोज कोण पुरं लिवत बसंल? उकार दिलोय की त्येला. दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

मी चष्मा पुसून वाकले. होता. प्रत्येक 'थ'खाली बारीकसा उकार होता, बरोबर वहीच्या निळ्या रेघेवर पडलेला. फोटोत तो रेघेत बुडून गेला होता. पण खरं सांगायचं तर, काही ठिकाणी फोटोतही दिसत होता. मला आठवतंय, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, लेखनाची काय ही शिस्त, नको तिथे शेपट्या! तीस वर्षं मी गणिताची बाई असूनही पोरांच्या वह्यांतले उकार सुधारत आले. आणि जो उकार बरोबर होता, तो मी खोडला. 'थं' म्हणजे थंड, थंड भट्टीतला थेंब कामाचा नाही, असं ठरवून तसली प्रत्येक नोंद माझ्या स्वच्छ तक्त्यातून झाडून काढली. उरले फक्त 'उ'. थेंब आधी एकदा थुंकलेला असायचा, मला त्याचा पत्ताच नाही. मी त्याच्या दुसऱ्या फुटण्याला पहिलं समजून बसले होते!

सव्वीस वर्षांच्या मुलीला मी इतका वेळ शिष्ट म्हणत होते. सत्तर वर्षांची कमी नव्हती.

"सुनंदाबाई, ही वही मला मोठ्यानं वाचून दाखवाल?"

"सगळी?"

"सगळे 'थुं'."

दुपारभर त्या वाचत होत्या आणि मी लॅपटॉपवर टिपत होते. "धा नंबर, थुंकला. अकरा, थुंकला. बारा मेला न थुंकताच उडाला, वंगाळ होता तो." मधे डबा सोडला. त्यांनी मला भाकरीत शेंगदाण्याची चटणी गुंडाळून दिली आणि म्हणाल्या, "बाई, एक विचारू? तुमच्या गणितात पाणी कुठं बसतंय?"

"एका बाजूला सरकलेलं."

"कुठल्या?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "कुठल्याही. गणिताला फरक पडत नाही."

"थेंबाला पडतोय की. पाणी जड हाय, खाली बसतंय. मी एवढं थेंब बघितलो, सगळं खालच्या अंगानंच थुंकत्यात."

मी भाकरी खाली ठेवली. संगणक, समीकरणं, चाळीस वर्षं, आणि पाणी कुठल्या बाजूला सरकतं ते या बाईनं जेवता जेवता सांगून टाकलं होतं.

चार वाजता सगळे 'थुं' माझ्या नव्या गणिताच्या रेषेवर मांडले. मी एकेक ठिपका टाकत होते आणि तो रेषेवर जाऊन बसत होता. पाखरं तारेवर बसतात तसे. मी उठले आणि त्या लांबट खोलीत एक गिरकी घेतली. गुडघा कुरकुरला. सुनंदाबाई म्हणाल्या, "सावकाश! भट्टी गरम हाय. थंड न्हाय."

गुरुवार

गुरुवारी मी काम केलं नाही. विहीणबाईंबरोबर अंबाबाईला गेले, रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाल्ली, आणि चौगुले सरांनी सकाळी फोनवर काढलेल्या एका वाक्यावर दिवसभर धुमसले. आदल्या संध्याकाळी मी त्यांना नवा आलेख पाठवला होता. ते खूश होते, स्वतःची वही न वाचल्याबद्दल ओशाळलेही होते. पण म्हणाले, "मॅडम, उद्या बाहेरचे लोक असतील. कोणी म्हणेल, परवा तुमचे आकडे एका गणिताशी जमत होते, आज दुसऱ्याशी जमतायत. जुन्या नोंदींशी जमवलेलं जमतंच. त्याला काय उत्तर द्यायचं?"

खरं होतं ते. मीच कोणा विद्यार्थ्याला हेच म्हणाले असते. विहीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भेळेतली कैरीची फोड वेचून खाल्ली आणि विचारलं, "थेंब संपल्यात का कॉलेजातलं?"

"नाही. का?"

"मग नवा लावा की. आधी तुमी बोला, मग थेंब बोलंल."

कोल्हापुरात शास्त्र इतक्या मोकळ्यावर मिळतं, की माणसानं नुसतं भेळ खात बसावं.

शुक्रवार

वर्गात चाळीसेक माणसं. पहिल्या रांगेत बाहेरगावचे एक पाहुणे प्राध्यापक, कोटाच्या खिशाला दोन पेनं, चेहरा असा की आपल्याला सगळं ठाऊक आहे आणि कोणी काही नवं सांगू नये. मला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली. त्यांना फक्त काळा चष्मा हवा होता.

मी सगळं सांगितलं. मोदक सांगितला, थुंकणं आणि उडणं सांगितलं. आणि उकाराची चूकही सांगितली, कुणाची ते न लपवता. वर्ग खो-खो हसला. मग पीएचडीचंही सांगून टाकलं, संसाराचा त्याग वगैरे काही नव्हतं, माझे सर बरोबर होते आणि मी हट्टी होते. हे वाक्य चारचौघांत पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं. वाटलं होतं जीभ अडखळेल. कुठलं काय, खर्डा खाऊन जीभ तयार झालेली.

दोन पेनं उभी राहिली. "थेंब तुम्ही तारेला टांगता. तार तापते. तारेमुळेच तो आधी फुटत असेल. तुमच्या सरकलेल्या पाण्याचा संबंध काय?"

प्रश्न चांगला होता. मी मागे बघितलं. सुनंदाबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "याचं उत्तर ज्यांनी थेंब पाहिलेत त्या देतील."

त्या उठल्या. माइक कोणी देईल याची वाट बघितली नाही, त्यांना तो लागतही नाही. "सर, तार वरनं हाय. थुंकी खालनं येतीया. तारेनं थुंकला असता तर वरनं थुंकला नसता व्हय?"

वर्गात टाळ्या पडल्या. प्राध्यापक बसले, पण हार मानणारे नव्हते. बसल्या बसल्या म्हणाले, "ठीक. पण आकडे मागाहून कुणीही जुळवू शकतं."

याच वाक्याची मी वाट बघत होते. म्हटलं, "तर मग चला."

अख्खा परिसंवाद उठून प्रयोगशाळेत आला. जागा नव्हती, पोरं खिडकीवर चढली. सुनंदाबाईंनी इंधन ताजं घुसळलं, पूर्वी कधी न वापरलेल्या प्रमाणात. पाणी किती, ते प्राध्यापकांनीच सांगितलं. मग सुनंदाबाईंनी सुईच्या टोकावरच्या थेंबाचा व्यास मोजून मला ओरडून सांगितला, भट्टी किती तापली ते सांगितलं. मी तिन्ही आकडे लॅपटॉपला दिले. तो घरघरला. मधे एक मिनिट त्यानं असा श्वास धरला, की मला वाटलं हा आत्ता जाणार आणि माझी फजिती होणार. मग उत्तर आलं. चौगुले सरांनी ते फळ्यावर लिहून भोवती चौकोन काढला, खाली प्राध्यापकांची सही घेतली. त्याशेजारी मी दुसरं उत्तरही लिहायला लावलं, पाणी मधोमध ठेवल्याचं. त्या पोरीलाही संधी मिळायला हवी होती.

सुनंदाबाईंनी थेंब टांगला. भट्टी सरकली. ठिणगी. मग पडदा, गोगलगायीची गती, आणि कोपऱ्यात धावणारा वेळेचा आकडा.

चाळीसही माना पडद्याकडे. थेंब फुगला. थरथरला. आकडा फळ्यावरच्या चौकोनाकडे सरकत होता. त्या दोन उत्तरांच्या मधला काळ म्हणजे एका टिचकीचा शंभरावा भाग असेल, पण त्यात माझी उभी तरुण वर्षं मावली होती.

थेंब खालच्या अंगानं थुंकला.

"थुंकला!" सुनंदाबाई गरजल्या. "थुंकला!" खिडकीवरची पोरं गरजली. चौगुले सर फायली विसरून टाळ्या पिटत होते. फळ्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी उभे होते, शेवटच्या दशांशात इवलासा फरक. मधोमधवाला आकडा अजून कितीतरी पुढे, एकटाच वाट बघत होता.

प्राध्यापक पडद्याजवळ गेले, फळ्याजवळ गेले, आपली सही तपासली. मग वळून, खिशातलं एक पेन काढत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बाई, एखादा योगायोग असू शकतो."

"असू शकतो की," मी म्हटलं. खुर्ची ओढून घेतली, मांडी ठोकून बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला. "सुनंदाबाई, दुसरा टांगा. या वेळी पाणी मी नाही, सर नाही, त्या खिडकीवरची पोरं सांगतील. सहाव्या थेंबापर्यंत मला कुठे जायचं नाही."

सहाही थेंब, जिथे सांगितलं तिथे आणि जेव्हा सांगितलं तेव्हा, थुंकले.